बर्फावरील चाकघर आणि त्याची उचलयंत्रणा : निगेमागील तत्त्वांचा विचार

१. विषयप्रवेश

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिनेसोटा हे राज्य सरोवरांकरिता प्रसिद्ध आहे. तेथील मिल लॅक्स, अप्पर रेड लेक, लेक ऑफ द वुड्स यांसारखी विस्तीर्ण सरोवरे हिवाळ्यात गोठतात आणि काही आठवडे त्यांच्या पृष्ठभागावर माणसांची व वाहनांची ये-जा सुरू होते. बर्फाला भोक पाडून त्यातून मासे धरण्याची रीत या प्रदेशात फार जुनी आहे. ओजिब्वे लोक बर्फावर अंधारा आडोसा करून, भोकातून खाली लाकडी मासा नाचवीत, त्याला भुलून आलेला मासा भाल्याने टिपत असत. पुढे आडोशाची जागा लाकडी खोपटाने घेतली. हे खोपट घसरपट्ट्यांवर बसवून बर्फावरून ओढून नेत. गेल्या काही दशकांत या खोपटाला चाके आली आणि त्याचे रूपांतर एका चमत्कारिक यंत्रात झाले. तिकडे त्यास व्हीलहाउस म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण त्यास चाकघर म्हणू.

चाकघर म्हणजे पोलादी अथवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर उभारलेली सुमारे अडीच मीटर रुंद व पाच ते सात मीटर लांब अशी खोली होय. आत शेगडी, निजावयाच्या फळ्या व दिवे असतात. जमिनीत झाकणांची भोके असतात आणि त्यांच्याखाली बर्फात पाडलेल्या भोकांतून गळ सोडून वॉलआय, पर्च, पाइक इत्यादी मासे धरले जातात. रस्त्यावर हे घर मोटार-ट्रकच्या मागे जोडलेली गाडी असते. सरोवरावर पोचल्यावर मात्र त्याने गाडीपण सोडून द्यावे लागते. कारण सांगाडा उंच राहिला तर त्याखालून वारा वाहतो, जमीन गारठते आणि गळाची भोके उघडी पडतात. म्हणून चाके वर घेतात व घर बर्फावर टेकवितात. वस्तुतः चाके आहेत तेथेच राहतात आणि घर खाली उतरते. परत निघताना तेच घर पुन्हा चाकांवर उचलावयाचे असते.

दोन टनांची ही वस्तू उतरविण्याचे व उचलण्याचे काम ज्या साधनांवर सोपविलेले असते ती पाहिली, तर कोणासही नवल वाटेल : दोन-तीन विंच, काही मीटर तारेचा दोर, तीन-चार कप्प्या, तितक्याच पिना व सांध्यातील बुश. या साधनांची निगा कशी राखावी यासंबंधी विक्रेत्यांची माहितीपत्रके पुष्कळ नियम सांगतात. परंतु नियम सुटे सुटे सांगितले म्हणजे ते पाठ होतात आणि प्रसंगी विसरले जातात. या सर्व नियमांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, असे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. तो प्रश्न असा : या क्षणी भार कोणाकडे आहे, आणि पुढच्या क्षणी तो कोणाकडे जाणार आहे?

२. भाराचे मुक्काम

चाकघराची चाके साध्या गाडीप्रमाणे एका सलग आसावर बसविलेली नसतात. प्रत्येक चाक एका पोलादी भुजेच्या टोकाशी असते आणि भुजेचे दुसरे टोक सांगाड्याला बिजागरीसारख्या सांध्याने जोडलेले असते. भुजा खाली झुकलेली असली की घर उंच राहते. ती वर फिरली की घर खाली बसते. पुढील दांडीवरही बहुधा अशीच एक लहान उचलयंत्रणा असते.

प्रवासात भुजा फिरू नये म्हणून ती सांगाड्याला जाड पिनेने खिळविलेली असते. घराचा भार या वेळी पिनेकडून भुजेकडे व भुजेकडून चाकाकडे जातो. विंचचा दोर सैलसर असतो आणि तो तसाच असला पाहिजे. हा भाराचा पहिला मुक्काम.

घर उतरविताना प्रथम विंच किंचित फिरवून भार दोरावर घेतात. पिन मोकळी होते व हाताने सुटते. आता भार दोर, कप्पी, विंचचा ड्रम आणि विंच ज्या बोल्टांनी बसविला आहे ते बोल्ट यांवर आहे. हा दुसरा मुक्काम. तो काही मिनिटांचाच असतो, पण चौघांत सर्वांत धोक्याचा असतो.

विंच उलगडत नेला की सांगाडा बर्फावर टेकतो. भार आता बर्फाकडे गेला. हा तिसरा मुक्काम. तो एका रात्रीचा असेल किंवा काही आठवड्यांचाही असेल. परतताना क्रम उलटा होतो आणि पुन्हा दोराकडे आलेला भार अखेरीस पिनेला परत मिळतो. दोराकडील हा परतीचा मुक्काम चौथा समजावा. कारण दोर व विंच तेच असले तरी परिस्थिती बदललेली असते. दोर आता ओला होऊन गोठलेला असतो, बोटे बधिर झालेली असतात आणि सांगाडा बर्फाने धरून ठेवलेला असण्याचा संभव असतो.

या विवेचनावरून पहिला नियम आपोआप निघतो. विंच उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. पिन बसविल्यावाचून केवळ विंचच्या भरवशावर घर रस्त्यावर नेले, तर प्रत्येक खड्ड्यागणिक दोराला हिसका बसतो. एकाएकी टाकलेला भार स्थिर भाराच्या दुप्पट ताण निर्माण करतो हा यंत्रशास्त्रातील परिचित सिद्धांत येथे अक्षरशः लागू पडतो; दोर आधीच सैल असून भार काही अंतर पडून त्यावर आला, तर ताण दुपटीहूनही अधिक होतो.

३. उचलण्याचे गणित

एक उदाहरण घेऊ. समजा, घराच्या एका चाकावर ९०० किलोग्रॅम भार येतो व भुजेची लांबी ५० सें.मी. आहे. घर खाली बसलेले असताना भुजा जवळजवळ आडवी असते. म्हणून सांध्याभोवती भाराचे परिबल या स्थितीत सर्वाधिक असते. दोराच्या ताणाची रेषा सांध्यापासून ३० सें.मी. अंतरावरून जात असेल, तर ताण ९०० गुणिले ५० भागिले ३० म्हणजे १,५०० किलोग्रॅम येतो. भुजा क्षितिजाखाली ६० अंश झुकली की भाराचे आडवे अंतर निम्मे, म्हणजे २५ सें.मी. होते, दोराचे अंतर तेवढेच राहिले असे धरल्यास ताण ७५० किलोग्रॅमवर उतरतो. याचा अर्थ असा की उचलण्याचा पहिला हातभर भाग सर्वांत जड व शेवटचा भाग हलका असतो. पहिल्या फेऱ्यांतच विंच कुरकुरू लागला तर जोर वाढवावयाचा नसतो. थांबून कारण शोधावयाचे असते.

आता दोराचे सामर्थ्य पाहू. अशा कामासाठी सात पेडांचा व प्रत्येक पेडात एकोणीस तारा असलेला जस्तलेपित दोर वापरतात. तारा बारीक व पुष्कळ असल्यामुळे तो कप्पीवरून सहज वळतो. ३/१६ इंच व्यासाचा असा नवा दोर सुमारे १,९०० किलोग्रॅम भारास तुटतो आणि १/४ इंच व्यासाचा सुमारे ३,१७० किलोग्रॅम भारास. आपल्या उदाहरणातील ताण १,५०० किलोग्रॅम आहे. म्हणजे पहिल्या दोराचा सुरक्षांक सव्वाच्या आसपास व दुसऱ्याचा जेमतेम दोन. उचलण्याच्या कामात पाचाच्या जवळपासचा सुरक्षांक सामान्यतः इष्ट मानला जातो. चालती कप्पी घालून भार दोराच्या दोन पदरांत विभागला, तर प्रत्येक पदरावर ७५० किलोग्रॅम येतात व जाड दोराचा सुरक्षांक चाराच्या वर जातो. चांगल्या रचनेत ही कप्पी असण्याचे कारण हेच. ती गंजून फिरेनाशी झाली की दोर तिच्या खाचेतून घासत जातो, पदरांतील ताण विषम होतो आणि गणिताने दिलेला लाभ नाहीसा होतो. म्हणून कप्पी बोटाने फिरते की नाही एवढी साधी परीक्षाही महत्त्वाची ठरते.

विंचच्या ड्रमविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. विंचवर कोरलेली क्षमता दोराच्या पहिल्या थराची असते. ५ सें.मी. व्यासाच्या ड्रमवर सुमारे ६ मि.मी. जाडीचा दोर पहिल्या थरात मध्यापासून २.८ सें.मी. अंतरावर असतो, तिसऱ्या थरात तेच अंतर ४ सें.मी. होते. हँडलवर तेवढाच जोर लावला तर मिळणारा ओढ पहिल्याच्या सात-दशांशच उरतो. याकरिता गरजेपेक्षा फार लांब दोर ड्रमवर गुंडाळून ठेवणे चुकीचे आहे. तो फार आखूड असणेही चुकीचे. घर पूर्ण खाली असतानाही ड्रमवर निदान तीन वेढे उरले पाहिजेत, कारण दोराचे टोक धरून ठेवणारा लहान स्क्रू पूर्ण भारासाठी योजिलेला नसतो. भार वेढ्यांच्या घर्षणाने पेलला जातो.

४. विंच आणि दोर यांची निगा

हाताने चालणारे विंच दोन प्रकारचे असतात. साध्या प्रकारात दातेरी चक्र व त्यात अडकणारी खिट्टी असते. उचलताना खिट्टी एकेका दातावर पडत जाते. परंतु उतरविताना ती उचलून धरावी लागते आणि त्या क्षणापासून सगळा भार हँडल धरणाऱ्या हातावर येतो. हात निसटला तर हँडल गरगर फिरते. त्याच्या तडाख्याने मनगट किंवा हाताचे हाड मोडते. दुसऱ्या प्रकारात घर्षणाच्या चकत्यांचा स्वयंचलित ब्रेक असतो. भारच चकत्यांना परस्परांवर दाबतो. म्हणून हँडल सोडले तरी घर जागच्या जागी राहते. चाकघरासाठी हाच प्रकार योग्य होय.

या ब्रेकच्या बाबतीत निगेची एक गंमत आहे. यंत्राला तेल देणे हे आपल्याकडे निगेचे पहिले लक्षण समजले जाते. येथे मात्र तेल हाच दोष ठरतो. दातेरी चाकांना व आसाच्या बुशांना वंगण द्यावे, पण घर्षणाच्या चकत्यांना त्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. उत्साहाच्या भरात सर्वांगाला तेल पाजलेला विंच वरून नीटनेटका दिसतो आणि भार आला की घसरतो. ब्रेकच्या विंचमध्ये उचलताना खिट्टीची टिकटिक स्पष्ट ऐकू आली पाहिजे. ती मंद झाली किंवा थांबली, तर खिट्टीत बर्फ किंवा घट्ट झालेले ग्रीस अडकले आहे असे समजून काम थांबवावे. त्याचप्रमाणे घर बर्फाला टेकल्यावर विंच आणखी उलगडू नये. भार नसताना ब्रेक सैल होतो, दोर ढिला पडून कप्पीबाहेर उडी घेतो किंवा ड्रमवर आडवातिडवा चढतो; पुढच्या वेळी त्याच वेढ्यांत तो दाबला जाऊन चेपतो.

दोराची तपासणी डोळ्यांनी व कापडाने करावयाची असते. जाड हातमोजा घालून दोरावरून चिंधी फिरविली की तुटलेली तार चिंधीत अडकते. एका पिळाच्या लांबीत मिळून सहा तारा किंवा एकाच पेडातील तीन तारा तुटलेल्या आढळल्या की दोर बदलावा, असा उचलयंत्रांच्या दोरांबाबतचा रूढ दंडक आहे. पिळाची लांबी म्हणजे एका पेडाला दोराभोवती एक पूर्ण फेरा घेण्यास लागणारी लांबी. परंतु तारा मोजण्याइतकेच त्या कोठे तुटल्या हे पाहणे उद्बोधक असते. कप्पीवरून जाणाऱ्या भागात तुटल्या असतील तर कारण बहुधा वारंवार वाकण्याने आलेला धातूचा थकवा हे असते. टोकाशी क्लॅम्पलगत तुटल्या असतील तर तेथे पाणी साचून गंज चढला असावा असे अनुमान करता येते. पहिल्या दोषावर मोठी कप्पी हा उपाय. दुसऱ्यावर टोक कोरडे ठेवणे हा. केवळ दोर बदलून दोष जात नाही.

दोराच्या टोकाला फास करून तो क्लॅम्पांनी आवळण्याची पद्धत सोपी आहे, पण तीत एक चूक वारंवार आढळते. क्लॅम्पला यू-आकाराचा बोल्ट व एक खोगीर असे दोन भाग असतात. खोगीर रुंद असल्यामुळे दोराला चेपत नाही, म्हणून ते भार वाहणाऱ्या पदरावर यावयास हवे. यू-बोल्टचा दाब सुट्या टोकावर यावा. उलट बसविल्यास भार वाहणारा पदरच चिरडला जातो. क्लॅम्प निदान दोन असावेत व पहिल्या भारानंतर त्यांची नटे पुन्हा आवळावीत, कारण ताण आला की दोर किंचित बारीक होतो.

काही घरांत विंचऐवजी हायड्रॉलिक सिलिंडर व विजेवर चालणारा पंप असतो. तेथे हाताचा धोका कमी झाला तरी भाराचा प्रश्न तोच राहतो. सिलिंडरमधील तेल भार उचलते. तो दीर्घकाळ धरून ठेवणे हे तेथेही पिनेचेच काम. होज फुटली किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर घर खाली येते. होजमधून बारीक गळती होत असल्याचा संशय आला तर ती हाताने चाचपू नये. प्रचंड दाबाखालील तेलाची सुईसारखी धार कातडीत शिरते व गंभीर इजा करते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी. घर विंचवर असो वा सिलिंडरवर, पिना बसवून किंवा लाकडाचे भक्कम ठोकळे देऊन भार दुसरीकडे सोपविल्याखेरीज कोणीही सांगाड्याखाली हात किंवा डोके घालू नये.

५. बर्फ : भार घेणारा आणि घर धरून ठेवणारा

तिसऱ्या मुक्कामी भार बर्फावर असतो, म्हणून बर्फ हाही या यंत्राचाच एक भाग मानला पाहिजे. तरंगत्या पातळ स्थितिस्थापक पत्र्यावर भार ठेवला असता तो कसा वाकतो याचे गणित हाइन्रिक हर्ट्झ यांनी १८८४ मध्ये मांडले. भाराखाली बर्फ उथळ परातीसारखा खचतो आणि त्याखालचे पाणी त्याला उचलून धरते. पुढे १९७१ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतील लॉर्न गोल्ड यांनी बर्फावरून झालेल्या वाहतुकीच्या अनुभवांवरून एक सोपे सूत्र पुढे ठेवले : सुरक्षित भार बर्फाच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी सेंटिमीटरमध्ये व भार किलोग्रॅममध्ये घेतला तर सावध हिशेबासाठी गुणक ३.५ धरतात. ५० सें.मी. जाडीच्या स्वच्छ बर्फावर हा भार ८,७५० किलोग्रॅम होतो. मिनेसोटाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाने चाकघर ओढणाऱ्या जड ट्रकसाठी निदान २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सें.मी. जाडी सुचविली आहे; माणसाला चालण्यास ४ इंच पुरतात. हे आकडे नव्या, पारदर्शक बर्फाचे आहेत. बर्फाळ चिखल गोठून झालेल्या पांढऱ्या बर्फासाठी जाडी दुप्पट धरावी लागते.

जाडी पुरेशी असली म्हणजे सर्व झाले असेही नाही. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अप्पर रेड लेकवर बर्फाचा विस्तीर्ण तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावरील सुमारे २०० मासेमारांना सोडवून आणावे लागले. बर्फाचे सामर्थ्य हे जाडीप्रमाणेच त्याच्या सलगतेवरही अवलंबून असते, हे अशा प्रसंगांवरून दिसते.

गोल्ड यांचे सूत्र थोडा वेळ येऊन जाणाऱ्या भारासाठी आहे. चाकघर दिवसेंदिवस उभे असते. दीर्घकाळच्या भाराखाली बर्फ मधासारखा अतिशय संथपणे वाहतो आणि परात हळूहळू खोल होत जाते. येथे आर्किमिडीजचा सिद्धांत लावून पाहावा. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९१७ पट असल्यामुळे ५० सें.मी. जाडीचा बर्फ पाण्याच्या पातळीवर फक्त ४ सें.मी.च राहतो. घराखाली तो एवढा खचला की गळाच्या भोकांतून पाणी वर येऊन सांगाड्याभोवती पसरते. बर्फवृष्टीही हेच करते. पाण्याच्या पाव घनतेचे २५ सें.मी. हिम साचले तर ते प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सव्वासहा ग्रॅम भार घालते. हा भार ४ सें.मी. शिल्लक बुडविण्यास पुरेसा आहे. वर आलेल्या पाण्याचा हिमाशी मिळून चिखल होतो आणि रात्रीच्या थंडीत तो पोलादाभोवती गोठतो. घर बर्फात रुतले असे म्हणतात ते हेच.

रुतलेल्या घराला विंचने उपटण्याचा मोह अनावर असतो. त्याचा हिशेब पुढीलप्रमाणे. सांगाड्याच्या एका बाजूची १० सें.मी. रुंद व १ मीटर लांब पट्टी बर्फाला चिकटली, तर स्पर्शाचे क्षेत्र १,००० चौरस सेंटिमीटर होते. चौरस सेंटिमीटरला केवळ एक किलोग्रॅम एवढी चिकट धरली (प्रत्यक्षात उघड्या पोलादावर ती याहून कितीतरी अधिक असू शकते), तरी १,००० किलोग्रॅमचा विरोध निर्माण होतो. म्हणजे एका चाकावरील भाराइतकाच दुसरा भार त्याच दोरावर चढला. सुरक्षांक निम्म्यावर येतो. आणि चिकट एकाएकी सुटली की साठलेला ताण हिसक्याने मोकळा होतो. ट्रक जोडून घर ओढण्याचा प्रयत्न याहून वाईट. त्यात सांगाडा वाकतो, दांडी मुरगळते आणि मग दारे-खिडक्या चौकटीत बसत नाहीत.

योग्य मार्ग प्रतिबंधाचा आहे. घर टेकविण्यापूर्वी सांगाड्याच्या खाली ठराविक अंतरावर लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे पोलाद व बर्फ यांचा स्पर्शच कमी होतो व भारही पसरतो. वाऱ्यासाठी घराभोवती हिमाची भर घालतात, ती बेताने घालावी. हिमाचा भारही शेवटी त्याच बर्फावर पडतो, आणि भिंतीच्या बुडाशी असलेली हवेची छिद्रे बुजल्यास आतील शेगडीच्या कार्बन मोनॉक्साइडने जीव जाण्याचा धोका असतो. मुक्काम लांबणार असेल तर दर काही दिवसांनी घर उचलून चिखल काढावा व जागा थोडी बदलावी. इतके करूनही घर रुतलेच, तर पहारीने कडेचा बर्फ फोडून चारी बाजू मोकळ्या कराव्यात, मग विंचला हात लावावा. आणि एक बाजू एकदम वर न घेता सर्व बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या उचलाव्यात.

या कामाला मुदतही असते. मिनेसोटाच्या नियमांप्रमाणे राज्याच्या दक्षिणेकडील मोठ्या भागातील घरे मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत व उत्तरेकडील भागातील तिसऱ्या सोमवारपर्यंत बर्फावरून हलवावी लागतात. कॅनडाच्या सीमेवरील सरोवरांना ३१ मार्चपर्यंत सवलत आहे. दिवसा वितळणारा व रात्री गोठणारा मार्चमधला चिखल घर सर्वांत घट्ट धरतो. मुदतीच्या आदल्या दिवशी घाईने काम करणाऱ्याला पिन, दोर व बर्फ या तिघांचीही परीक्षा एकदमच द्यावी लागते.

६. थंडी आणि धातू

मिनेसोटातील टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. नित्याची थंडी इतकी कडक नसली तरी उणे २५-३० अंश हे काही अपवादात्मक नव्हे. या तापमानाला परिचित पदार्थांचे गुणधर्म बदलतात.

साधे कार्बन पोलाद थंडीत ठिसूळ होते. १६ जानेवारी १९४३ रोजी स्केनेक्टडी हे तेलवाहू जहाज अमेरिकेतील पोर्टलंड येथे धक्क्याशी उभे असताना एकाएकी दुभंगले. वेल्डिंगचे दोष व ठिसूळ पोलाद यांच्या संयोगाचा धडा अभियंत्यांना त्या काळच्या अशा अपघातांनी दिला. चाकघराचा सांगाडा पातळ नळ्यांचा असल्यामुळे त्याची तुलना जहाजाशी करता येत नाही हे खरे. तथापि भुजेच्या सांध्यावरील व विंचच्या बैठकीवरील वेल्डिंगमध्ये बारीक भेग असेल तर थंडीत बसलेला हिसका तिला पुढे नेतो. म्हणून ही ठिकाणे उन्हाळ्यातच साफ करून, रंग खरवडून, बारकाईने पाहावीत. भेग आढळल्यास वरून वेल्डिंगचा थर चढवून ती झाकू नये. ती पूर्ण कोरून काढून मग भरावी.

ग्रीस थंडीत मेणासारखे घट्ट होते. सांध्यातील बुशात असे ग्रीस असले की भुजा जड फिरते आणि वापरणाऱ्यास वाटते की भारच वाढला. अतिशीत हवेसाठी बनविलेले ग्रीस निपलमधून इतके भरावे की जुने काळे ग्रीस व त्यासोबतचे पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल. जागा भरणे हा त्याचा केवळ एक उपयोग. पाणी हुसकून लावणे हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा. हायड्रॉलिक तेलही कमी तापमानाला वाहणारे निवडावे लागते. शिसे-आम्लाची बॅटरी उणे १८ अंशांना सुमारे निम्मीच शक्ती देते. शिवाय पूर्ण भारित बॅटरीतील द्रव उणे ५० अंशांपर्यंत गोठत नाही, पण रिकामी बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासच गोठून फुटते. दिवे व पंखा यांनी रात्रभर बॅटरी उपसली आणि सकाळी तीवरच पंप चालवावयाचा असला, तर घर बर्फावरच राहते.

चाकांच्या बेअरिंगचे दुखणे वेगळे आहे. तास-दोन तास रस्त्यावर धावून हब तापतो, आणि सरोवराच्या काठी तो एकदम बर्फाच्या चिखलात बुडतो. आतील हवा आकुंचन पावते व सीलमधून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्याबरोबर रस्त्यावर बर्फ वितळविण्यासाठी टाकलेले मीठही येते. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून व सील बदलून बसविणे याकरिता आवश्यक ठरते.

७. वर्षाचा क्रम

वरील चर्चेवरून निगेचे वेळापत्रक सहज आखता येते. वसंतात घर परत आल्यावर मीठ धुऊन काढावे, दोर पूर्ण उलगडून वाळवावा व त्यावर हलके तेल चोळावे. उन्हाळ्यात घर पिनांवर व भक्कम ठोकळ्यांवर उभे ठेवून दोर व सिलिंडर भारमुक्त करावेत; याच काळात बेअरिंग, वेल्डिंग व विंचची बैठक पाहावी. शरद ऋतूत, बर्फ पडण्यापूर्वी, कोरड्या सपाट जागेवर घर एकदा पूर्ण उतरवून पुन्हा उचलावे. ही तालीम सर्वांत उपयुक्त होय. कारण उबदार हातांना व दिवसाच्या उजेडात जो दोष दहा मिनिटांत सापडतो, तोच सरोवरावर रात्री संकट बनतो. हिवाळ्यात प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी पिना, त्यांच्या टोकांच्या क्लिपा, चाकांची नटे व टायरमधील हवा पाहावी; तापमान सुमारे ६ अंशांनी उतरले की टायरचा दाब चौरस इंचाला एका पौंडाच्या हिशेबाने घटतो.

८. उपसंहार

चाकघर हे आपल्या परिसरातील यंत्र नव्हे; तरी त्याचा अभ्यास येथील विद्यार्थ्यांनाही निरुपयोगी ठरू नये. आपल्या अभ्यासक्रमांत यंत्राची रचना सविस्तर शिकविली जाते आणि निगा ही कामगाराच्या सवयीवर सोपविली जाते. प्रस्तुत उदाहरणात निगेचा प्रत्येक नियम तरफ, घर्षण, तरंगणे व धातूंचे गुणधर्म यांच्या मूलतत्त्वांवरून निघतो असे आपण पाहिले. तेल कोठे द्यावे याइतकेच ते कोठे देऊ नये हेही तत्त्वानेच ठरते.

भार एका घटकाकडून दुसऱ्याकडे जाताना अपघात होतात, कारण त्या क्षणी पहिल्याने तो सोडलेला असतो आणि दुसऱ्याने तो पूर्ण घेतला आहे की नाही हे कोणी पाहिलेले नसते. विभागाच्या कर्मशाळेतील साखळीची कप्पी असो, मोटार उचलण्याचा जॅक असो वा विहिरीतून पंप वर काढण्याची तिपाई असो, विद्यार्थ्याने तिच्याजवळ उभे राहून प्रत्येक पायरीला भार कोणाकडे आहे हे कागदावर मांडून पाहावे. मांडणी पूर्ण झाली की कोणता भाग कधी तपासावयाचा याची यादी त्या कागदावरच तयार झालेली आढळेल.